पार्किंगच्या फलकाची कैफियत

गाडी लावायला जागा शोधत असाल तर पुढे व्हा. इथे फक्त उचलून आणलेल्या गाड्या असतात. त्यांच्यामागे, भिंतीला टेकून उभा असलेला निळा पत्रा दिसतो का? तो मी. मी पार्किंगचा फलक बोलतोय.

माझा जन्म नगरच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये झाला. रखमाजी पेंटरने माझ्या छातीवर सुबक अक्षरांत लिहिलं, 'विषम तारखेस वाहने या बाजूस लावावीत. सम तारखेस समोरच्या बाजूस.' लिहून झाल्यावर तो दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "बास. येवढं तर शेंबड्या पोरालाबी कळंल." त्या भाबड्या माणसाला माझा आजही नमस्कार.

मला चिंचेच्या गल्लीत उभं केलं. गल्ली एवढी अरुंद, की दोन टेम्पो समोरासमोर आले की एक ड्रायव्हर दुसऱ्याच्या घराण्याची चौकशी करायचा. पहिल्या आठवड्यात लोकांनी मला कौतुकाने वाचलं. दुसऱ्या आठवड्यात माझ्या खांबाला लिंबू-मिरची लागली, तिसऱ्यात शिवणक्लासची जाहिरात, चौथ्यात मूळव्याधीवरचा खात्रीशीर इलाज. वाचणं सोडून माझे बाकी सगळे उपयोग लोकांनी शोधून काढले.

नियम मात्र गल्लीने पाळला, आणि तो आबासाहेबांमुळे. आबासाहेब म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. रोज सकाळी सातला ते बनियनवर ओट्यावर येत आणि ओरडत, "गल्ली, बाजू बदला!" की सगळे किल्ल्या घेऊन बाहेर. काल इकडे, आज तिकडे. मान वर करून माझ्याकडे कोणी बघत नसे, कॅलेंडरकडे तर नाहीच.

आता नीट ऐका. एकतीस तारीख विषम, आणि दुसऱ्या दिवशी येणारी एक तारीखही विषम. त्या दिवशी गाडी जागची हलवायची नसते. पण आमची गल्ली वर्षातून सात वेळा, आणि लीप वर्षी आठ वेळा, बरोब्बर चुकायची. गणिताचे मास्तर पुढे आणि गल्ली त्यांच्या मागे. महिनाभर न फिरकणारी टोईंगची गाडी त्याच दिवशी न चुकता हजर व्हायची. लोक म्हणत, "एक तारखेला त्यांचं टार्गेट चालू होतं." दोन तारखेला उरलेल्या गाड्या धास्तीने जागच्या हलत नसत, आणि चुकलेली घडी आपोआप पुन्हा बसे. चूक आपली असेल अशी शंका कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

माझ्यासमोरच्या एका खोलीत लंकाबाई राहायची. मूळची काष्टीकडची. नवरा गेल्यावर तिने दवाखान्यातल्या पेशंटांना डबे पोचवायला सुरुवात केली. गुडघे दुखायचे, म्हणून एक जुनी स्कूटी घेतली. स्कूटी दारात असली तर गरम भाकरी वेळेवर पोचायची. ती उचलून नेली की लंकाबाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन लंगडत चालत जायची, आणि परत येऊन माझ्या खांबाला टेकायची. मी लोखंडाचा. मला काय करता येणार?

मग 'रहिवासी पास' निघाला. ज्याच्याकडे पास, त्याची गाडी सम असो, विषम असो, ठरलेल्या जागी उभी राहणार. लंकाबाई अर्ज घेऊन महापालिकेच्या ऑफिसात गेली. तिथला कारकून कल्याण काय म्हणाला ते तिने माझ्याखाली उभं राहूनच आबासाहेबांना सांगितलं.

"म्हनला, मावशी, घरात गाडी लावायला जागा न्हाई ह्याचा दाखला आना. मी म्हनलं, जागा न्हाई ह्याचा दाखला कोन देतंय? तर म्हनला, जागा कुठंय ते दाखवा, मंग आमी न्हाई म्हनून लिहितो."

"मग?" आबासाहेबांनी विचारलं.

"मंग काय, दाखवली खोली. चूल बघून म्हनला, ही सरकवली तर बसंल की गाडी."

शेवटी अर्ज दाखल झाला. जागेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पार्किंगच्या फलकाखाली.' तिच्या हातातली प्रत वाचून मला इतकं बरं वाटलं! कोणाच्या तरी पत्त्यात मी आलो होतो. पाहणीची तारीख मिळाली, एक ऑगस्ट, सकाळी अकरा.

त्याच आठवड्यात रविराजभाऊंचा वाढदिवस आला. भाऊ अजून कशावरच निवडून आलेले नाहीत, म्हणून फ्लेक्स मोठा होता. कार्यकर्त्यांनी तो थेट माझ्यावर ताणून बांधला. मी आत अंधारात, बाहेर गॉगल घातलेले भाऊ.

एक ऑगस्टला लंकाबाई पहाटे उठली. साहेब येणार म्हणून स्कूटी धुतली, हँडलला झेंडूचं फूल खोवलं. काल गाडी माझ्याखालीच उभी होती, आजही तिथेच हवी होती. पण सात वाजले आणि हाक आली, "गल्ली, बाजू बदला!" लंकाबाई थबकली.

"मास्तर, आज साहेब येनार. गाडी हितंच राहू द्यू का?"

"अहो लंकाबाई, आजच्या दिवशी तरी नियम मोडू नका!"

तिने मुकाट्याने गाडी समोर नेली. फ्लेक्सच्या आत मी किती ओरडलो असेन! पत्र्याचा आवाज वाऱ्याचा वाटतो.

साडेदहाला टोईंगचा टेम्पो आला. भोंग्यावर "एमएच सोळा" ऐकून लंकाबाई पिठाच्या हाताने बाहेर धावली, तोवर स्कूटी फुलासकट वर चढली होती. अकराला कल्याण वही घेऊन आला.

"फलकाखाली वाहन आढळले नाही," तो बोलत बोलत लिहू लागला.

"आवो भाऊ, आत्ता नेली उचलून! अजून ओलं हाय बघा तिथलं."

"मावशी, नेली ते त्यांच्या वहीत. माझ्या वहीत आढळली का नाही, एवढाच रकाना आहे." मग त्याने वर पाहिलं. "आणि फलक तरी कुठंय? इथं तर भाऊच दिसतात."

लंकाबाई घरात गेली. स्टूल आणि भाजीची सुरी घेऊन आली. दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढली आणि फ्लेक्सला माझ्या मापाची चौकोनी खिडकी कापली. उजेड आला. भाऊंच्या गॉगलखालून मी बाहेर डोकावलो. "हा बघा!" ती म्हणाली. पण कल्याणची वही मिटली होती.

संध्याकाळी कार्यकर्ते जमले. गाड्या उचलल्या तेव्हा कोणी हललं नव्हतं, पण भाऊंच्या तोंडाच्या जागी पार्किंगचा नियम पाहून मात्र सगळ्यांचा संताप झाला. तक्रार गेली, 'सदर फलकामुळे फ्लेक्सला अडथळा होत आहे.' माझ्या आयुष्यात इतक्या लवकर निकाली निघालेली ही एकच तक्रार. तिसऱ्या दिवशी मला खांबासकट उपटलं आणि त्याच टोईंगच्या टेम्पोत आडवं टाकून इथे आणलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी लंकाबाई स्कूटी सोडवायला आली. सोबत आबासाहेब. त्यांनी मला ओळखलं. खिशातून चष्मा काढला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग बोटांवर मोजलं, परत मोजलं.

"लंकाबाई," ते हळूच म्हणाले, "गाडी माझ्यामुळं गेली तुमची. चाळीस वर्षं पोरांना सम-विषम शिकवलं मी."

"जाऊ द्या मास्तर. तुमी वरडायचं, आमी हलायचं. आमाला तरी कुठं डोळे हुते?" असं म्हणून तिने पदराने माझ्यावरचा चिखल पुसला.

पुढे काय झालं ऐका. पाहणी पुन्हा झाली. या वेळी गाडी आढळली, पण फलक आढळला नाही. जागा निश्चित होत नसल्याने पास अडला. नियम मात्र माझ्यावाचूनही वहीत जिवंत राहिला, आणि टेम्पो एक सप्टेंबरला ठरल्याप्रमाणे निघाला.

तासाभरात तो रिकामा परत आला. ड्रायव्हर कपाळावर हात मारत होता. "चिंचेच्या गल्लीत आज एकबी गाडी हलली न्हाई. ते म्हातारं ओट्यावर बसलंय तोंडावर बोट ठिवून!"

त्या दिवशी इथे पडल्यापडल्या मी पहिल्यांदा हसलो.

पण लंकाबाईचा पास अजून अडलेलाच आहे. म्हणून डबे पोचवून ती दर सोमवारी इथे येते, मला परत मागायला. काल इथल्या माणसाने कंटाळून फॉर्म पुढे केला.

"सोडवायचा तर मालक लागतो, मावशी. काय लिहू?"

"लिवा, लंकाबाई."

"पत्ता?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्योच. चिंचेची गल्ली, ह्या फलकाखाली."

अर्ज गेला आहे. तो परत येईपर्यंत तुम्ही माझं एवढं ऐका. उद्या एक तारीख असेल, तर किल्ली हातात घेण्याआधी एकदा मान वर करून बघा.