विभागाच्या टेलिफोनची कबुली

मी एक जुना टेलिफोन आहे, मित्रांनो. मूळचा पांढरा, आता पिवळट. पाचाचं बटण दोनदा दाबावं लागतं. कारखान्यातून निघालो तो थेट एका महाविद्यालयाच्या तत्त्वज्ञान विभागात आलो आणि तिथंच झिजलो. माझी गोष्ट गोड नाही. गोड हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची होती. पदवी घेऊन गेलेली मुलं आपणहून फोन करायची. कुणाला वर्तमानपत्रात घेतलेलं असायचं, कुणाला शाळेत, एक जण तर भाषांतरं करून घर चालवत होता. असा फोन झाला की विभागप्रमुख सर मला थोपटायचे. मी फुगून जायचो.

पुढे ते फोन आटले आणि वरून एक तक्ता आला. पदवी घेऊन तीन वर्षं झालेल्या प्रत्येकाला फोन करायचा, तो काय करतो ते लिहायचं आणि माहितीपत्रकात छापायचं. पत्रक वाचून निदान पंधरा मुलं आली पाहिजेत. नाहीतर विभागाला कुलूप.

सर एकेकाला फोन लावायचे. आधी जेवलास का, मग आईची तब्येत, आणि मग तो प्रश्न. त्यानंतर पलीकडे जी शांतता पडायची, ती मी ऐकली आहे. एक जण गाद्या विकत होता. सरांनी लिहिलं, 'गृहसजावट सल्लागार'. रुग्णालयाच्या फाटकावरचा पहारेकरी 'आरोग्यक्षेत्रात' गेला. जन्मभर शब्दांचा काटेकोर अर्थ शिकवलेला माणूस, आणि शब्दांना पावडर फासत बसला होता.

सरांची लाडकी विद्यार्थिनी म्हणजे शंकेखोर. तासाला सारख्या शंका काढायची म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. आता ती दूरच्या शहरात, एका कंपनीत बसून बिघडलेल्या धुलाईयंत्रांच्या तक्रारी ऐकायची. सरांनी लिहिलं होतं, 'संवादक्षेत्रात संशोधन'. घरच्यांनी ते पत्रक चारचौघांत मिरवलं. ती लाजेनं गप्प बसली.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवसाआधी तिनंच फोन केला. धाकटा भाऊ पत्रकातलं तिचं वाचून इथंच यायला निघाला होता.

"शिकले ते वाया गेलं असं नाही म्हणत मी, सर. तुमचे तास मला अजून पुरतात," ती म्हणाली. "पण त्याला खरं सांगा. मग हवं तर येऊ दे. माझं ऐकत नाही तो, जळतेस म्हणतो. तुमचं ऐकेल."

सांगतो, म्हणाले सर.

यादीत चौदा नावं होती. पंधरावं त्या भावाचं.

सरांनी त्याला फोन लावला. काय वाचतोस ते विचारलं, तुझ्या ताईनं विभागाचं नाव काढलं म्हणाले. मग आवाज जरा खाली आला.

"उद्या दहाच्या आत कागद घेऊन ये."

इतकंच. आणि माझं मेलं पाचाचं बटण त्या दिवशी पहिल्याच दाबाला लागलं. मी त्यांचा शब्दन् शब्द स्वच्छ पोचवला.

विभाग वाचला. सहा वर्षांनी तक्त्यात भावाचं नाव आलं. जेवलास का वगैरे झालं, आणि सरांनी विचारलं. पोरगा हसला.

"ताईच्या शेजारचीच खुर्ची मिळालीय, सर. ती धुलाईयंत्रं घेते, मी फ्रीज. आमचं काय लिहिताय यंदा?"

सरांनी ताईला फोन द्यायला सांगितलं. ती बोलत नाही म्हणते, असं उत्तर आलं.

त्या वर्षी सरांनी पहिल्यांदा रकान्यात जसंच्या तसं लिहिलं : फ्रीजच्या तक्रारी ऐकतो. वरच्या सगळ्या नावांपुढचंही खोडून खरं लिहिलं. नऊ मुलं आली. कुलूप लागलं. मला वायरीसकट कोठीत टाकलं.

मित्रांनो, मला पुसू नका, जोडूही नका. एवढंच करा. कुणी चकचकीत पत्रक हातात दिलं, तर त्यातल्या मुलांना स्वतः फोन लावा. काय करतोस म्हणून विचारा आणि लगेच दुसरं बोलू नका. पलीकडची शांतता संपेपर्यंत रिसीव्हर कानाला धरून ठेवा.