आमच्या परसातला युरोप

युरोपातले देश एक झाले, ही गोष्ट भवानी पेठेत माझ्यापर्यंत जरा उशिरा पोचली. पण तिचा उपयोग पेठेत सगळ्यात आधी मीच केला. आमची सून ज्ञानदा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. जेवताना तिनं सांगितलं, तिकडं हद्दी खुल्या, माल बिनजकात येतो-जातो. मी हात न धुताच उठलो आणि शेजारच्या धुळाप्पाच्या आणि आमच्या परसामधली भिंत पाडली. एका खोकल्यात पडली. लोक म्हणतात, हातात पहार होती. लोकांचं काय ऐकायचं?

दोन घरांची एक चूल झाली, तसा करारही लिहिला. धुळाप्पानं माझी बाज कडुलिंबाखालून हलवू नये म्हणून करारात मीच कलम घातलं: दोन्ही घरांची संमती असल्याशिवाय नवीन काही करायचं नाही.

पहिला आठवडा सुखाचा गेला. ज्वारी आमची माढ्याची, कडक भाकरी आणि शेंगाचटणी धुळाप्पाच्या शिवम्माची. माझं वजन एवढं वाढलं की गल्लीतला रस्ता खचला. आमची बायको गोजरबाई शिवम्माकडून कन्नड शिकली आणि मला दोन भाषांत नावं ठेवू लागली.

रविवारी मी मटण आणलं. शिवम्मानं पदर खोचला.

"अण्णा, ह्या चुलीवर हे चालायचं न्हाय."

"रविवार हाय की आमचा."

"आसंल. आमच्या घराची संमती न्हाय. कलम तुमीच घातलंय."

धुळाप्पा माझ्याच बाजेवर बसून कलमाचं कौतुक करत होता.

"मग मी बाहेर पडतो," मी म्हटलं.

"पडा की," गोजरबाई म्हणाली. "आमी हितंच ऱ्हातो. आज पुरणपोळ्या हायत."

मुलगा, सून, सगळे तिकडंच. मी एकटाच स्वतंत्र देश झालो. परसाच्या कोपऱ्यात तीन विटा मांडल्या, मटण शिजवलं. वासानं पार लांबच्या नातेपुत्याची कुत्री धावत आली. ताट घेतलं, आणि ध्यानात आलं, भाकरी न्हाय. मला थापा मारता येतात, भाकऱ्या थापता येत न्हाईत.

"गोजरा, एक भाकरी दे."

"बाहेरच्या देशाला द्यायची म्हंजे नवीनच झालं की. शिवम्माला विचारा."

रस्सा गार होत होता. मी विचारलं.

शिवम्मानं अटी सांगितल्या: कोपऱ्यातली चूल रविवारपुरती चालेल, पातेलं वेगळं, आणि घासायचं अण्णांनी. मी इतक्या लवकर हो म्हटलं की धुळाप्पाला बाजेवरून उठायलाही सवड मिळाली न्हाई. मग तो उठलाच न्हाई.

मी परत आत गेलो, जेवायला बसलो. ज्ञानदानं विचारलं, "मामा, उद्या वर्गात हे सांगणार आहे. फायद्यात घालू का तोट्यात?"

"आदी आजून एक भाकरी वाढ," मी म्हटलं. "मग सांगतो."