स्टेपनीचे बोल्ट कुठे गेले?

मित्रांनो, भिंगारच्या रशीदभाईंच्या गाडीची डिकी उघडून खालचा गालिचा उचललात, तर एक काळं लोखंडी चाक दिसेल. ती मी, स्टेपनी. अंधारात पडून राहिलं की कान तिखट होतात आणि स्वभाव संशयी. माझंही तसंच झालं आहे.

जाड पत्रा दाबून मला घडवलं. माझ्याबरोबर आणखी चार चाकं घडली आणि आम्ही एकाच गाडीला लागलो. ती चौघं धावायची, मी वाट पाहायची. एखादं पंक्चर झालं की त्याचे बोल्ट काढून त्याच बोल्टांनी मला बसवत. माझे स्वतःचे बोल्ट कधी नव्हतेच. रशीदभाई मला थोपटून म्हणायचे, "हिच्यामुळे घर गाठलं."

मग एका दुकानात गाडीला अलॉयची, म्हणजे मिश्रधातूची, चकचकीत चाकं बसवली. माझी चारही भावंडं राहात्याच्या बन्सीने कांद्याच्या गाड्यासाठी नेली. दुकानदाराने विचारलं, "जुन्या बोल्टांचं काय करू?"

"चाकांबरोबर देऊन टाका," रशीदभाई म्हणाले.

मला तिथेच शंका आली. अलॉयचं अंग जाड, म्हणून त्यांना लांब बोल्ट दिले होते. माझं अंग पातळ. उद्या तेच बोल्ट मला लावले, तर त्यांची टोकं मागे कुठवर जातील? पण स्टेपनीला कोण विचारतो? माझ्यावर चटया आणि पाण्याचे कॅन येऊन पडले. हवा भरायलाही मला कुणी बाहेर काढेना.

एके सकाळी रशीदभाई, त्यांची बायको सुरय्या आणि मुलगी सुमैरा सुप्याला निघाले. तिथल्या कारखान्यात सुमैराची मुलाखत होती. दोन वर्षं अर्ज करून हे पहिलंच बोलावणं आलं होतं. चास गाव ओलांडलं आणि गाडीचं पुढचं चाक पंक्चर झालं.

मला बाहेर काढलं. उजेड बरा वाटला, पण ते लांब बोल्ट पाहून माझा जीव धास्तावला. रशीदभाईंनी ते भराभर आवळले.

"मापाचेच आहेत का हो ते?" सुरय्याने विचारलं.

"बसले की नीट."

"बसायला काय, तुमचे पाहुणेही सोफ्यावर बसतात. उठतात का?"

"तुला तर फ्रिजच्या दिव्याचाही संशय. विझला का म्हणून दार पुन्हा उघडतेस."

"असू दे. खाली टेकवण्याआधी एकदा हाताने फिरवा."

त्यांनी मला फिरवलं. खर्र, खर्र. बोल्टांची टोकं मागे निघून न फिरणाऱ्या लोखंडावर घासत होती.

"हळूहळू नेतो," रशीदभाई म्हणाले. "घाट चढला की सुपा आलंच."

सुमैरा माझ्याजवळ वाकली. तिने स्वतः मला फिरवलं, कान देऊन ऐकलं आणि गाडीतली फाईल उचलली. "अब्बू, यात बसून मी येणार नाही. तुम्हीही जायचं नाही."

तिने हात केला तसा एक टेम्पो थांबला. चालकाचं नाव कल्याण. "सुप्याला का? बसा की. मागं कोंबड्या हायती, वास येईल लई."

"तुमची चाकं नीट आहेत ना?" सुरय्याने विचारलं.

"आता खोलून दावू का मावशी?"

"नको, उशीर होईल," म्हणत दोघी चढल्या.

रशीदभाईंनी दुसऱ्या गाडीने मागे जाऊन नगरहून माझ्या मापाचे आखूड बोल्ट आणले. त्यांची बैठक, म्हणजे डोक्याखालचा भाग, माझ्या भोकाशी जुळते का, तेही पाहिलं. मग मला फिरवलं. आवाज आला नाही.

पुढचं मला गाडीतल्या बोलण्यातून कळलं. सुमैरा उशिरा पोहोचली. तिला बाहेर बसवून ठेवलं आणि सगळ्यांच्या शेवटी आत बोलावलं. आता ती रोज कंपनीच्या बसने कामाला जाते. त्या बसच्या चाकांवरही सुरय्याचा संशय आहेच.

मित्रांनो, नवी चाकं घेताना घरच्यांना विचारा, स्टेपनीसाठी वेगळे बोल्ट लागतील का? लागत असतील, तर ते डिकीत माझ्याजवळच ठेवा. मला बसवलं की आधी हाताने फिरवून बघा. आवाज आला तर थांबा, मग कितीही घाई असो आणि कुणी कितीही हसो. सुमैराला त्या दिवशी उशीर झाला. पण ती पोहोचली.