टोपीखालची भिंगरी

या, टेका इथं. एका कुलूपवाल्याची आणि त्याच्या पोरीची गंमत सांगतो. हसायचं तेवढं हसून घ्या, शेवटी तुम्हाला एक काम सांगणार आहे.

तर डॉक्टरीणबाईंनी मिठाच्या पाण्यातला स्पंज पिळला, आधी स्वतःच्याच कपाळाला लावला आणि लक्ष टिकावं म्हणून डोक्याला करंट देणाऱ्या यंत्राचं बटण दाबलं.

"मुंग्या येतात. बाकी काही नाही."

मग नवे स्पंज यंत्राच्या टोपीत बसवून ती टोपी पोरीच्या डोक्यावर चढवली. पोरगी बारा वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणायचे. एका जागी ठरेल तर शपथ! शाळेनं हात टेकले होते.

कुलूपवाला दाराशीच घुटमळला.

"बाई, ही शांत झाली आणि हसायचीच थांबली तर? मला माझीच पोरगी परत हवी."

"तीच मिळेल. करंट अगदी हलका असतो. पण ही जादू नाही हं. काही मुलांचं लक्ष थोडं टिकतं, काहींना फरकच पडत नाही. आम्हीही अजून शिकतोय. तिनं हात वर केला की लगेच बंद."

"आमच्या घराण्यात असं कोणी नाही हो. हे सगळं हिच्या आईकडचं."

"बाबा, सांगू का आईला?" टोपीखालून आवाज आला.

बाई पोरीशेजारी बसल्या. पडद्यावर ठिपके पळत होते, लाल दिसला की पोरीनं टिपायचा. मागं खुडबुड चालली होती, पण बाईंची नजर पोरीवरून हलली नाही. वेळ संपली, यंत्र बंद केलं, तेव्हा कुठं त्या वळल्या.

कुलूपवाल्याच्या तोंडात दोन स्क्रू. दाराची कडी सुटी होऊन जमिनीवर. खिडकीचा बोल्ट अर्धा लोंबतोय. आणि आता त्यानं खुर्ची उलटी केलेली.

"कडी करकरत होती," तो ओशाळून म्हणाला.

"आणि खिडकी?"

"ती... वाटेत लागली."

"घराण्यात कोणी नाही म्हणालात ना?"

भिंगरी फिसकन हसली. तेच हसू, जसंच्या तसं.

तोही हसणारच होता. पण तोंडातले स्क्रू काढता काढता त्याचा हात मनगटावर गेला. लहानपणी बाप त्याला तिथंच दोरी बांधायचा, दुकानातल्या बाकाला, कामावरून उठू नये म्हणून. तो मनगट चोळत राहिला.

"बाई, ही टोपी मोठ्या डोक्याला येते का?"

"आधी बोलू. बसा."

बसायला खुर्ची होती कुठं! पोरीनंच ती सुलटी केली, त्याच्या हातातल्या दोन स्क्रूंतला एक उचलून त्याच्या दुसऱ्या तळव्यावर ठेवला.

"बाबा, मी काय केलं माहितेय? एकच ठिपका बघितला. आधी हा लाव."

त्यानं लावला. पोरगी शेजारी उभी राहिली. कडी पुरी बसेपर्यंत हलली नाही.

म्हणून सांगतो, एवढं करा. त्याच्या दुकानात तुमचं कुलूप अर्धवट उघडून पडलेलं दिसलं, तर आवाज चढवू नका. तेवढं एकच त्याच्या हातात द्या, आणि शेजारी जरा टेका.