गुळणी

पाजून झालं तसं त्याने बाळाला उचलून खांद्यावर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत खोलीत फेऱ्या मारू लागला. बायको पलंगाच्या कडेला बसली होती. तिची नजर बाळाकडे नव्हती, त्याच्या खांद्यावरच्या दुपट्याकडे होती.

"आला ढेकर?"

"नाही अजून."

लग्नाआधी ही दोघं तासन्‌तास बोलत. आता बोलणं एवढ्यावर आलं होतं.

ढेकर आला आणि त्याच्या पाठोपाठ गुळणीही आली. दुपटं भिजलं, सदरा भिजला, ओघळ कोपराकडे निघाला. मग पाठीची कमान करून ते रडणं सुरू झालं, घशात निखारा अडकल्यासारखं.

"उडालं का कारंजं?" आतून त्याच्या आईने विचारलं. नातीचं हे नाव तिनेच ठेवलं होतं. "सगळंच बाहेर काढतंय गं लेकरू. अंगाला लागणार काय?"

आईच्या मनात वाकडं काही नसे, जीभ मात्र मनाच्या चार पावलं पुढे धावायची. बायकोने मान खाली घातली.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. जठराच्या तोंडाशी झडप असते, ती अजून कच्ची आहे, आंबट वर येतं, घसा जळतो. पाजल्यावर थोडा वेळ उभं धरा, बसायला लागली की कमी होत जाईल. वजन वाढतंय, काळजी नको. पण वजनाचा काटा दवाखान्यात होता आणि ओकणं घरात.

"उद्यापासून मी पाजणार नाही," बायको म्हणाली. किराणा सांगावा इतका तिचा आवाज सरळ होता. "पावडरचा डबा आण. माझं काही तिच्या पोटात ठरतच नाही. मी आपली नावाला."

"पण डॉक्टर म्हणाले की..."

"डॉक्टरांच्या खांद्यावर नाही काढत ती."

तो पुन्हा फेऱ्या मारू लागला. बोलण्यात तो मुळातच कच्चा. लॉन्ड्रीत त्याला डागांचं टेबल दिलं होतं, तिथे बोलावं लागत नसे. कापड उजेडात धरायचं आणि डाग कशाचा, किती जुना, एवढं ताडायचं. गिऱ्हाईक कळवळून सांगे, अहो, अख्खा कप सांडला. तो मान डोलवी. अख्खा कप कधीच नसे, घोटभर असे. सांडलेलं नेहमी जास्तच दिसतं.

फेऱ्या मारता मारता तो थबकला.

बाळाला तिच्या हाती देऊन तो स्वयंपाकघरात गेला. पातेल्यातलं दूध चमच्यात घेतलं आणि हात न हलवता, सांभाळून परत आला. धुतलेलं दुपटं दुसऱ्या खांद्यावर टाकलं, तिच्यासमोर उभा राहिला आणि चमचा त्यावर उपडा केला.

"अरे, वेड लागलं का तुला?"

दूध दुपट्यावर पसरलं, सदऱ्यात उतरलं, ओघळ खाली निघाला. बायको आधी रागाने आणि मग नुसतीच बघत राहिली. या खांद्यावरून त्या खांद्यावर, पुन्हा या खांद्यावर.

"परत," ती म्हणाली.

तो आणखी एक चमचा घेऊन आला. आता हा डाग त्या डागाहून मोठा झाला. तिने बोट लावून पाहिलं, जणू त्यात काही हातचलाखी असावी.

"मग रडते कशाला एवढी?"

"दुखतं तिला," तो म्हणाला. "ते मात्र डागावरून कळत नाही."

बाळाचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. बराच वेळ तिने त्याला छातीशी उभं धरून ठेवलं. मग बाळ तोंड फिरवून शोधू लागलं, तेव्हा ती जराशी सरकून बसली आणि त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं.

आई फडकं घेऊन दारात आली आणि दोन्ही खांदे भिजलेल्या मुलाकडे पाहून तिथेच थांबली.

"अरे देवा! हे काय ध्यान! आज काढलं तरी किती म्हणायचं हिने?"

"काढलं ते काढलं, आई," बायको मान वर न करता म्हणाली. "बाकीचं पोटात आहे."