चतुर्थीची निळी नळी

सगुणाबाईला जालन्याच्या डॉक्टरांकडून एकच गोष्ट हवी होती. सुनेच्या सुईतलं औषध वाढवून हवं होतं. आणि डॉक्टर दर खेपेला मान हलवून नाही म्हणायचे.

माणूस वाईट नव्हता. नरसिंगराव त्यांचं नाव. हैदराबादेत शिकले, निजामाच्या नोकरीत फिरत फिरत जालन्याच्या दवाखान्यात येऊन बसले. मराठी बोलायचे, पण रागावले की अर्धी दख्खनी यायची, आणि रागावायचे फार. बाहेर व्हरांड्यात बसलेल्या माणसांना आतला आवाज ऐकूनच कळायचं, आज साहेबांचं काय चाललंय ते.

राजूरची रखमाजी पाटलांची सगुणाबाई म्हणजे तीही काही कमी नव्हती. तिला लेक नव्हती. हसनाबादच्या सोयऱ्यांकडे लग्नाला गेली असताना तिनं नंदाबाईला पाहिलं, विहिरीवरून पाण्याचा हंडा घेऊन हसत येणारी पोर, आणि तिथंच आपल्या मुलासाठी, बद्रीनाथासाठी, मागणी घातली. नवऱ्याला विचारलं ते नंतर. अशी हातानं निवडून आणलेली सून दोन वर्षांत वाळून चिपाड झाली. रांजण रिकामा करील एवढं पाणी प्यायची, दोन माणसांचं जेवायची, आणि अंगाला काही लागायचं नाही. भावकी म्हणाली, करणी आहे. रखमाजीची बहीण तुळजाबाई तर सरळ म्हणाली, "बद्रीनाथाला दुसरी करा. हिला धाडा माहेरी. सुंठीवाचून खोकला जाईल."

"सून हाये माझी," सगुणाबाई म्हणाली, "खोकला न्हाई."

नंदाबाई हाक मारली तरी डोळे उघडेना, तेव्हा तिनं गाडी जुंपायला लावली आणि पोरीला जालन्याला नेलं. डॉक्टरांनी पोरीच्या तोंडाचा वास घेतला, लघवी तपासली आणि सांगितलं, साखरेची बिमारी आहे. सुया सुरू झाल्या. आठवड्याभरात पोर उठून बसली, भाकरी मागायला लागली. सगुणाबाईनं त्या औषधाच्या एवढ्याशा बाटलीला हात जोडले होते. डॉक्टरांनी तिलाच सुई टोचायला शिकवलं. काचेची पिचकारी उकळत्या पाण्यातून काढायची, औषध दुसऱ्या रेघेपर्यंत भरायचं, सकाळ-संध्याकाळ टोचायचं. बाटली थंड राहावी म्हणून ओल्या वाळूत पुरून ठेवायची. महिन्याला येऊन दाखवायचं, म्हणजे पुढच्या बाटल्या मिळतील. लढाई चालू होती, औषध सातासमुद्रापलीकडून यायचं, आणि डॉक्टर एकेक बाटली जिवाचं मोल असल्यासारखी हातात ठेवायचे. ते जिवाचंच मोल होतं म्हणा.

पहिल्या महिन्याला दाखवायला गेल्या तेव्हा घोटाळा झाला. डॉक्टर काचेच्या नळीत निळं पाणी घ्यायचे, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर तापवायचे. साखर नसली तर पाणी निळंच राहतं. असली तर हिरवं होतं, पिवळं होतं, फार असली तर विटेसारखं लाल. नंदाबाईची नळी लाल झाली. डॉक्टरांचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला.

"गूळ खाऊ घातला क्या इसको? औषध काय पाण्यात टाकायला देतो मी? अशी नळी मला पुन्हा दाखवायची नाही!"

गूळ कुणी दिला नव्हता. पण सगळी माणसं बघत होती, आणि सगुणाबाईची मान खाली गेली. चोरी न करता चोर ठरल्यावर माणसाला जो राग येतो तो कुठंतरी काढावा लागतो. तिनं तो नवसात काढला. घरी आल्यावर आधी राजूरच्या टेकडीवर गेली आणि गणपतीपुढं उभी राहून म्हणाली, "देवा, ती काचेची नळी निळी व्हऊ दे. पोर तुझ्या एकवीस चतुर्थ्या करील. चंद्र दिसल्याबिगर अन्नाचा कण घेणार न्हाई."

पुढचं दाखवणं मुद्दाम चतुर्थीलाच ठेवलं. एक पंथ दो काज. आदल्या रात्रीपासून पोरीच्या पोटात काही जाऊ दिलं नाही, कारण देवाच्या दारात जावं तसं डॉक्टरच्या दारातही निर्मळ पोटानं जावं, असं तिच्या मनानं घेतलं. पहाटे सुई टोचली, टेकडीवर पाया पडल्या आणि गाडी निघाली. सारा मुलूख राजूरला दर्शनाला येत होता आणि यांची गाडी तेवढी उलट्या दिशेनं चालली होती. दुपारी डॉक्टरांनी नळी तापवली. निळी.

नवस फळला! सगुणाबाईनं दवाखान्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं. त्यानंतर दर महिन्याला तोच नेम, आणि दर महिन्याला नळी निळी.

पण पोर काही भरेना. चार-सहा महिन्यांत गालाची हाडं पुन्हा वर आली, रात्रीचं पाणी पिणं सुरू झालं. सगुणाबाई म्हणायची, "डाक्टरसाहेब, औषध कमी पडून राह्यलं. एक रेघ वाढवून द्या." डॉक्टर नळी तिच्या डोळ्यांपुढं धरायचे. "ये देखो. साफ आहे. याच्यावर कशाला वाढवू?" नळीशी भांडणार कोण? ती तर तिनंच देवाकडून मागून घेतली होती.

मागल्या चतुर्थीला तर वरताण झाली. गाडीत नंदाबाईला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. उन्हानं झालं असेल म्हणून सगुणाबाईनं पदरानं वारा घातला. डॉक्टरांनी तो ओला हात हातात घेतला, नळी पाहिली, आणि म्हणाले, "औषध उलट जास्त होतंय. आजपासून एकच रेघ."

"साहेब, पोर वाळून चालली हो!"

"एकच रेघ. बिलकुल वाढवणार नाही."

मागायला गेली एक रेघ, आणि होती त्यातली एक गेली. घरी आल्यावर सगुणाबाईनं ती रेघ ओलांडली नाही, कारण डॉक्टरांनी बाटल्याही मोजून तेवढ्याच दिल्या होत्या. महिना संपता संपता नंदाबाईला चुलीपुढं बसवेना. खाल्लेलं उलटायला लागलं, आणि तोंडाला तो पहिला वास, सडक्या फळाचा, पुन्हा यायला लागला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी सगुणाबाई न्हाणीत पाणी टाकायला गेली आणि थबकली. पोर जिथं लघवीला बसायची तिथं मुंग्यांची काळी रांग लागली होती. मुंग्या काही नव्या नव्हत्या. आजार आला तेव्हापासून होत्या, आणि रोज पाणी ओतून त्या घालवायचं काम तिच्याकडंच होतं. पण आज तिला एकाएकी उमगलं की एका दिवशी मुंग्या नसतात. जालन्याहून आलेल्या संध्याकाळी. चतुर्थीच्या संध्याकाळी.

ती तिथंच ओल्या दगडावर बसली. उपाशी पोटात साखर येणार कुठून? देवानं नळी निळी केली नव्हती. तिनंच केली होती, पोरीला उपाशी ठेवून. महिनाभर पोर साखरेनं झिजायची आणि ज्या एका दिवशी डॉक्टर बघणार त्या दिवशी सगुणाबाई तिला धुऊनपुसून न्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते खरं, पण वैद्यापुढं मूठ झाकून कुणाचं भलं झालंय? तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

त्या रात्री तिनं नंदाबाईला पोटभर जेवायला लावलं. पहाटे सुई टोचल्यावर ताटात भाकरी आणि पिठलं वाढलं. रखमाजी दारातून पाहत होता.

"आज चतुर्थी हाये. नवस मोडून राह्यली काय तू?"

"मोडते."

"आन् देव कोपला मंग?"

"म्या नवस नळीचा केल्ता, पोरीचा करायला पाहिजे व्हता. कोपायचं तर माझ्यावर कोपंल."

ती तडक बाहेर गेली आणि अंगणात उभी राहिली, कारण उपाशी सासू समोर असती तर पोर जेवली नसती. तिचा स्वतःचा उपास होताच. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिची एकही चतुर्थी चुकली नव्हती. बद्रीनाथानं गाडी जुंपली. टेकडीकडं न बघता ती गाडीत बसली, आणि वाटेत पोरीच्या हातात अर्धी भाकरी देऊन तोंड फिरवून बसली.

डॉक्टरांनी नळी दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल. ते ओरडणार म्हणून सगुणाबाईनं खांदे आवळून घेतले.

"हे काय आहे?" डॉक्टर हळूच म्हणाले.

"हे खरं हाये, साहेब. आजवर मी पोरीला उपाशी आणत व्हते. आज खाऊ घालून आणली."

"उपाशी? सुई टोचून उपाशी?" त्यांनी नळी खाली ठेवली. "म्हणजे तो घाम, ते थरथरणं... अरे, मेली असती गाडीत! मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं न्हाई. आन् लाल दिसली की वरडता."

डॉक्टरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. सगुणाबाईला वाटलं, आता लिहितील. पण त्यांनी लिहायचं नाव काढलं नाही.

"साहेब, आता तरी वाढवा."

"नाही वाढवता येत, बाई." आवाजात राग नव्हता. "दोन वर्षांपूर्वी तुझ्या सुनेएवढीच एक पोर होती. मी पुरतं औषध लिहून दिलं, तीन रेघा. सकाळी सुई घेतली. मग सासऱ्याचं जेवण झालं, दिरांचं झालं, नवऱ्याचं झालं, सासूचं झालं. तिचं ताट येईपर्यंत ती चुलीपाशी पडली होती. उठलीच नाही. साखर राहिली तर माणूस महिने काढतो. औषध पोटात आणि पोट रिकामं, तर दोन तासांत खेळ खतम. तुमच्या घरात सून शेवटी जेवते. मला ठाऊक आहे. म्हणून मी बायकांना कमीच देतो."

"माझ्या घरात ती आधी जेवंल."

"सगळे असंच म्हणतात."

"मी म्हणते ना!"

"इथं म्हणू नको," डॉक्टर उठले. "करून दाखव."

त्यांनी स्वतः पिचकारी भरली, तिसऱ्या रेघेपर्यंत, आणि नंदाबाईच्या दंडात टोचली. मग दोघींना बाहेर लिंबाखालच्या ओट्यावर बसवलं आणि आपण दारात उभे राहिले. "आता हिनं खायचं. पोट भरून. मी बघतो. खाल्लं तर लिहून देईन, नाही तर पुन्हा एक रेघ."

सगुणाबाईनं फडकं सोडलं. दोन भाकरी, लसणाची चटणी, कांदा. नंदाबाईनं नाकापर्यंत पदर ओढला, भाकरीचा तुकडा हातात घेतला आणि तशीच बसून राहिली.

"खा, बाई."

"आत्याबाई, तुमचा उपास हाये."

"माझा हाये. तुझा न्हाई. खा."

"तुम्ही उपाशी आन् मी तुमच्यासमूर..." पोरीचा हात तोंडापर्यंत गेला आणि परत खाली आला. डोळे भरून आले. "न्हाई व्हत माझ्यानं."

दारातून डॉक्टर बघत होते. सगळे असंच म्हणतात, हेच त्यांच्या तोंडावर सगुणाबाईला दिसलं. त्या मेलेल्या पोरीची सासूही वाईट नसेल, तिच्या मनात आलं. तीही खा म्हणाली असेल. तिलाही हेच उत्तर मिळालं असेल, आणि ती बरं म्हणून कामाला लागली असेल.

गाडीतल्यासारखं तोंड फिरवून बसता आलं असतं. आज फिरवलं, उद्या फिरवीन. पण चतुर्थ्या येतील, एकादश्या येतील, सोमवार येतील, पाहुणेरावळे येतील, आणि सुई तर जन्माची. किती दिवस तोंड फिरवणार?

तिनं भाकरी मोडली. भीती वाटली, आणि वाटणारच. जिच्या घरावर रोज टेकडीची सावली पडते तिला देवाची भीती नाही वाटायची तर कुणाला? पण तिनं घास चटणीला लावला आणि तोंडात घातला. चंद्र उगवायला अजून अर्धा दिवस होता.

नंदाबाई बघतच राहिली. मग तिनंही घास घेतला. एक, मग दुसरा, मग पदर मागं सरला आणि ती भराभर खायला लागली, दोन्ही हातांनी, लहान पोरासारखी. दारातले डॉक्टर वळले आणि आत गेले. लिहायला खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सावकाश खा," सगुणाबाई म्हणाली. "कुणी न्हाई नेत."

"मला लई भूक लागायची, आत्याबाई," तोंडातला घास न संपवताच पोर म्हणाली. "गाडीत. दर चतुर्थीला. येताना वावरातली कणसं दिसायची तं वाटायचं, उतरून खावी. तुम्ही माझ्यासाठीच करून राह्यल्या व्हत्या, म्हणून बोलले न्हाई."

सगुणाबाईच्या डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडलं तरी तिनं पुसलं नाही. ती चावत राहिली, आणि तो घास संपल्यावर तिनं दुसरा मोडला. ती थांबली असती, तर पोरही थांबली असती.