दोन टाक्यांमधली जागा

मित्रांनो, मी एक जुनी आरी आहे. बोटभर लांबीचं पोलादी पातं आणि त्याला बसवलेली गोलसर लाकडी मूठ, एवढाच माझा पसारा. कातड्याला भोक पाडायचं, म्हणजे त्यातून सुई जाते, हे माझं काम. माझं टोक फार तीक्ष्ण आहे, म्हणून त्यावर कायम बाटलीचं बूच खोचलेलं असतं. ते बूच जागेवर आहे ना, हे या घरातली आई जाता-येता बघते. तिच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

माझं पातं भट्टीत घडलं, पण मूठ घडवली आजोबांनी. तेव्हा ते आजोबा नव्हते. खोगिरं बनवणाऱ्या कारखान्यातले तरणेबांड कारागीर होते. त्यांनी लाकूड घासून घासून माझी मूठ आपल्या तळव्यात नेमकी बसेल अशी केली. तेव्हापासून आम्ही दोघं मिळून राबलो. खोगिरं, लगाम, टपालाच्या थैल्या, रुंद कमरपट्टे. माझ्या भोकांतून गेलेल्या टाक्यांवर भरवसा ठेवून माणसं घोडे दौडवत. एकदा एक घोडेवाला नदी ओलांडून आला आणि म्हणाला, "मास्तर, घोडा घाबरला, मी घाबरलो, तुमचं खोगीर तेवढं नाही घाबरलं!" आजोबांनी मला दिवसभर खाली ठेवलं नाही, इतके ते खुशीत होते.

मग यंत्रं आली, कारखाना बंद झाला. आजोबांचे हात थरथरू लागले आणि ते लेकीकडे राहायला आले. त्यांच्यासोबत एका पत्र्याच्या डब्यात आम्हीही आलो. मी, कातडं कापणारी रापी, दोन बोथट सुया, मेणाचा गोळा, आणि कातडं गुडघ्यांमध्ये धरायचा लाकडी चिमटा. डबा कपाटाच्या डोक्यावर गेला. मला गंज चढला. एकदा जावईबापूंनी रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला मला वापरलं. मित्रांनो, त्या दिवशी मला जी लाज वाटली ती कुणाला सांगू?

या घरात एक मुलगी आहे. आजोबा तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी टिकत नाही. तिचा डावा पाय जन्मापासून अशक्त आहे. त्या पायाला आधार म्हणून बुटापासून गुडघ्याखालपर्यंत दोन लोखंडी दांड्या, आणि त्या पायाशी धरून ठेवायला वर एक रुंद पट्टा. चालताना टक्‌ असा आवाज होतो. भिंगरी त्या आवाजावर गाणी म्हणते.

तिच्या शाळेची मुलं दरवर्षी दीपगृह बघायला जातात. आत गोल गोल जिना, आणि वर गेलं की सज्ज्यातून चहूकडे समुद्र. गेल्या वर्षी पहिल्याच वळणावर भिंगरीचा पट्टा चर्र करून उघडला. तो बाजारातला पट्टा होता, चिकटपट्टीसारखा दाबून लावायचा. ती पडता पडता वाचली. बाईंनी तिला खाली बसवलं. सगळी मुलं वर गेली आणि भिंगरी त्यांची दप्तरं सांभाळत बसली.

घरी येऊन ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "आजोबा, घोड्याचा पट्टा चढावर सुटतो का हो?"

"सुटला तर मी कारागीर कसला?"

"मग मला घोड्याचा पट्टा पाहिजे."

आजोबांनी आपले हात तिच्यापुढे धरले. बोटं पानासारखी हलत होती. "माझ्याच्यानं आता होणार नाही, भिंगरे. पण तुला शिकवता येईल."

डबा खाली आला. आजोबांनी माझा गंज घासला, तेलाचा बोळा फिरवला, दगडावर धार लावली. झाकण उघडल्यावर आत जो उजेड आला, तो मी अजून विसरलेले नाही.

पण आईने मला पाहिलं मात्र, तिने भिंगरीला मागे ओढलं. "बाबा, ही केवढी टोकदार आहे! डोळ्यात गेली तर? बोटात घुसली तर?"

"म्हणून तर हे बूच," आजोबा म्हणाले. "काम नसेल तेव्हा टोकावर. काम असेल तेव्हा कातड्याच्या पलीकडे, टोक बाहेर येतं तिथं. बोट तिथं कधीच ठेवायचं नाही. ऐकलंस का भिंगरे?"

"ऐकलं."

"तिनं ऐकलं, पण मी झोपू कशी?" आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक धड्याला भाजी निवडायच्या निमित्ताने शेजारी येऊन बसू लागली. तिचं लक्ष भाजीत नसे. एकदा तिने देठं पातेल्यात टाकली आणि पानं फेकून दिली.

भिंगरी आधी तुकड्यांवर शिकली. जेवणाचा एक जुना काटा घेऊन त्याचे दात कातड्यावर दाबायचे, की सारख्या अंतरावर खुणा उमटतात. त्या खुणांवर मला टेकवायचं. माझं पातं गोल नाही, पतंगासारखं चपटं चौकोनी आहे, ते दर वेळी एकाच बाजूला झुकवायचं, नाहीतर टाके दारुड्यासारखे झुलतात. भिंगरीचे पहिले टाके तसेच झुलले. दोऱ्याला मेण चोळायचं. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि एकाच भोकातून एक इकडून, एक तिकडून. "म्हणजे एका बाजूचा दोरा झिजला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो," आजोबा सांगत. "यंत्राला हे जमत नाही बरं का!" हे वाक्य ते मुद्दाम जरा मोठ्याने म्हणत.

शेवटी पट्ट्याचा दिवस आला. आजोबांनी कपाटातून कातड्याची गुंडाळी काढली. ते त्यांच्या शेवटच्या खोगिरातलं, जनावराच्या पाठीच्या भागातलं चिवट कातडं होतं. पाठीचं कातडं ताणत नाही. त्यातून दोन पट्टे निघाले, तिसरा निघणार नव्हता.

भिंगरीने टोक बकलातून दुमडून घेतलं आणि लांबीच्या दिशेने टाके घातले, खुणांवर, अंतर राखून. आजोबा दुपारी जरा आडवे झाले. तेवढ्यात आई पुढे सरकली. कपडे शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"किती लांब लांब टाके हे! मध्ये एकेक घाल ना."

"आजोबा म्हणाले होते..."

"आजोबा खोगिरं शिवायचे गं. हा माझ्या लेकीचा पाय आहे. आणि इथं बकलाजवळ एक आडवी ओळ घाल, अगदी जवळजवळ. सगळा जोर तिथंच येतो."

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण भिंगरीने आईच्या शब्दाखातर भोकाला भोक लावलं आणि मला तिथे तिथे टोचावं लागलं. पट्टा दिसायला मोठा सुरेख झाला. उठल्यावर आजोबांनी ती आडवी ओळ पाहिली आणि एवढंच म्हणाले, "परीक्षेतच कळेल."

आजोबांची एक रीत होती. नवा पट्टा ते जनावराला कधी थेट लावत नसत. आधी ओला करून टांगायचा आणि खाली वजन. तसा तो पट्टा मधल्या दाराच्या चौकटीला टांगला गेला आणि त्याला पाण्याने भरलेली बादली लावली गेली. जावईबापू ऑफिसला निघताना तिच्यावर आदळले. "घरात ये-जा करायची की नाही माणसानं?"

"वाकून करावी, जावईबापू," आजोबा म्हणाले. "परीक्षा चालू आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा चालू असताना ती परीक्षा संपली. टर्र असा आवाज झाला आणि बादली धाडकन खाली आली. स्वयंपाकघरापर्यंत पाणी पसरलं. पट्टा बकलाजवळ आडवा फाटला होता, कागद फाडावा तसा.

आई त्या पाण्यात तशीच उभी राहिली. मग तिने मला, रापीला, सुयांना, सगळ्यांना डब्यात भरलं. "बस झालं. हे जिन्यावर झालं असतं तर? भिंगरी कुठंही जाणार नाही."

भिंगरी उठली. ती दाराआड गेली आणि तिच्या पायाचा टक्‌ असा आवाज तेवढा दूर दूर गेला. त्या दिवशी त्यावर गाणं नव्हतं.

आजोबांनी फाटलेला तुकडा आईच्या हातात ठेवला. "पोरी, जिथं भोक नाही तिथं कातडं तुटलं का? नाही. दोरा तुटला का? नाही. मग फाटलं कुठं?"

आईने उलटसुलट करून पाहिलं. "भोकांच्या ओळीत."

"तिकिटांच्या मध्ये अशीच भोकं असतात. कशाला असतात?"

आईने त्या ओळीवरून बोट फिरवलं. "फाडायला सोपं जावं म्हणून," ती म्हणाली. "बाबा, कापडात टाके जवळ असले की..."

"कापडात सुई धाग्यांमधून वाट काढते. इथं आरी वाटच पाडते. प्रत्येक टाक्याला थोडं कातडं द्यावं लागतं. तू इतके टाके मागितलेस की पट्ट्याजवळ कातडंच उरलं नाही." मग ते हसले. "तू लहान असताना मी तुझ्या चपलेला असेच टाके घातले होते. शाळेच्या दारातच तिचा अंगठा सुटला होता. आठवतं?"

"ती चप्पल तुम्ही शिवली होती? मला वाटलं बाजारातली होती!"

"इतकी वाईट झाली होती, म्हणून सांगितलंच नाही."

आई हसली आणि तिचे डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. मग तिने स्वतः जाऊन भिंगरीला बोलावून आणलं आणि स्वतःच्या हातांनी डबा उघडला.

दुसरा पट्टा भिंगरीने एकटीने शिवला. काट्याच्या खुणा, लांबीच्या ओळी, आडवी एकही नाही. आई शेजारी बसली होती, पण दोन्ही हात मांडीखाली दाबून. मधूनच तिचे ओठ हलत. "अजून ए..." एवढं बाहेर पडलं, की ती स्वतःच पाणी प्यायला उठे. शेवटी भिंगरीने पट्ट्याच्या कडा ओल्या करून गुळगुळीत लाकडाने चमकेपर्यंत घासल्या. बादली पुन्हा टांगली गेली. जावईबापू न सांगता वाकून गेले. भिंगरीने वरून कढईही अडकवली, आजोबांनी आपली काठी अडकवली. पट्टा जराही हलला नाही.

दीपगृहाच्या दिवशी बाईंनी आईलाही सोबत बोलावलं. आईने मला बुचासकट पिशवीत घेतलं, सुया आणि मेणाचा दोराही घेतला. "वाटेत काही झालं तर असावं," ती म्हणाली. आजोबांनी मान डोलावली, पण गालात हसले.

जिन्याच्या दारात आईने भिंगरीचा हात घट्ट धरला होता. इतका घट्ट, की भिंगरी म्हणाली, "आई, जागा सोड ना."

मित्रांनो, आईने हात सोडला.

टक्‌, टक्‌, टक्‌. आवाज वळणावर गेला. गेल्या वर्षीचं वळण आलं आणि आईने पिशवीत हात घालून माझी मूठ आवळली. पण आवाज थांबला नाही. तो वर गेला, आणखी वर गेला, आणि त्यावर आता गाणं होतं. मग तोही ऐकू येईना. आई बाहेर धावली आणि मान वर करून बघू लागली. उंच सज्ज्यावरून एक हात हलत होता आणि वाऱ्याबरोबर एक आवाज खाली आला:

"आई गं! दप्तरं सांभाळ हं सगळ्यांची!"

आईने दप्तरांच्या ढिगाकडे पाहिलं, त्यावर बसली आणि हसत हसत डोळे पुसत राहिली. मी तिच्या मुठीतच होते. माझ्या आयुष्यात मी घोडे सजवले, शाबासक्या मिळवल्या. पण माझ्या सगळ्यात मोठ्या विजयाच्या दिवशी मला पिशवीतून बाहेरही काढावं लागलं नाही.

आता माझी जागा खिडकीपाशी आहे. शेजारच्या मुली भिंगरीकडे शिकायला येतात. मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटावर एखादा डबा असेल. तो खाली काढा. आतल्या हत्यारांना तेल लावा, धार द्या, आणि ज्या हातांनी ती चालवली त्या हातांना विचारा कशी चालवायची. आम्हाला झाकण उचकटायला वापरू नका. आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला टाके घालताना मध्ये थोडी जागा सोडा.

बूच मात्र आठवणीने लावा. आई बघतेच आहे.